हात न लावायचं बटण

कस्तुराबाई घराला कुलूप लावून निघाल्या की गल्लीच्या तोंडापर्यंत जात आणि तिथून परत येत. कुलूप ओढून बघत. खिडकीच्या फटीला नाक लावून स्टोव्हचा वास येतोय का ते बघत. मग पुन्हा निघत. शेजारच्या सरजाबाई ओट्यावर काहीतरी निवडत बसलेल्या असत. त्या मान वर न करता म्हणत, "आलात का परत? हाय तुमचं कुलूप जागेवर. चोरानं नेलं तर कुलूप ठेवून जाईल, फिकीर करू नका."

कस्तुराबाई हसत. पण ओढून बघितल्याशिवाय पाय पुढे टाकत नसत.

ही सवय त्यांना माहेराहून आलेली नव्हती. चारठाण्याच्या त्या घरात तर दाराला कडी लावायचंही कुणाच्या ध्यानात राहत नसे. परभणीला मामाकडे राहून बी.ए. केलं, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, तेव्हाही त्या चार मुलींसारख्याच होत्या. लग्न झालं, नोकरी लागली, मुलगी झाली. सासूबाईंचं नाव मुलीला ठेवलं, पंचफुला. घरात सगळे फुला म्हणत. ही फुला पाच वर्षांची असताना कस्तुराबाई नळावर पाणी भरायला गेल्या, आणि घागर घेऊन परत आल्या तर पोरगी फरशीवर पडलेली, डोळे पांढरे, हातपाय झटके देत असलेले. पहिली फिट होती ती. किती वेळ चालली होती कुणास ठाऊक. पाठ फिरवली की काहीतरी होतं, हे कस्तुराबाईंच्या मनानं त्या दिवशी जे पक्कं धरलं ते कायमचं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "गोळ्या चुकवू नका आणि घाबरत जाऊ नका." पहिली गोष्ट त्यांनी कधी चुकवली नाही. दुसरी त्यांना कधी जमली नाही.

नवरा बन्सीधर सोनपेठच्या शाळेत मास्तर. शनिवारी एस.टी.नं यायचे, सोमवारी पहाटे जायचे. बदलीसाठी अर्ज करून करून ते थकले होते. त्यामुळे आठवडाभर घरात मायलेकीच. कस्तुराबाई जिल्ह्याच्या बियाणे संघात कारकून होत्या. संघाची कचेरी म्हणजे पुढे चार खोल्या आणि मागे ज्वारी-कपाशीच्या बियाण्यांचं गोदाम. कचेरीच्या उजव्या अंगाला फुलाची शाळा.

नव्वद साली संघानं कॉम्प्युटर घेतला. कोणत्या गावाला कोणत्या लॉटचं बियाणं गेलं, ते कुठं उगवलं, कुठं नाही, हे सगळं त्यात भरायचं होतं. कचेरीत त्या यंत्राजवळ जायला कुणी तयार नव्हतं. हेडक्लार्क व्यंकटराव तर म्हणाले, "आमचं अक्षर विजेवर चालत न्हाई. लाइट गेली तरी आमची शाई वाहते." पण यंत्रासाठी काचेचं दार लावून जी खोली केली होती, तिची खिडकी शाळेच्या पटांगणावर उघडत होती. कस्तुराबाईंनी ती खिडकी बघितली आणि हात वर केला. बाकी कशासाठी नाही. औरंगाबादला जाऊन शिकून आल्या, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना ते काम आवडलं. यंत्राला एक गोष्ट दहा वेळा विचारली तरी ते कंटाळत नव्हतं.

आता त्या बटणाविषयी सांगायला हवं.

यंत्राच्या पुढच्या अंगाला एक चौकोनी बटण होतं. दाबलं की आत जाऊन बसायचं आणि यंत्र चालू व्हायचं. पुन्हा दाबलं की टक् करून बाहेर यायचं आणि यंत्र बंद. पहिल्याच दसऱ्याला यंत्राची पूजा झाली. व्यंकटरावांनी मोठ्या भक्तिभावानं अंगठ्यानं कुंकू लावलं, ते नेमकं बटणावर. यंत्र चालू होतं. अंगठा टेकला, बटण बाहेर आलं, पडदा काळा झाला आणि कस्तुराबाईंनी आठवडाभर भरलेली जिंतूर तालुक्याची माहिती गेली. औरंगाबादच्या इंजिनिअरला फोन लावला. तो चिडून म्हणाला, "चालू असताना बटणाला हात लावायचा नसतो हो. आधी हुकूम देऊन यंत्र बंद करायचं, आता वीज बंद करा असं पडद्यावर आलं, की मगच."

संघाचे सेक्रेटरी दिनकरराव शिस्तीचे. त्यांनी सगळं नीट ऐकलं. पण 'चालू असताना' आणि 'मगच' असल्या अटी कचेरीतली माणसं पाळतील यावर त्यांचा भरवसा नव्हता. नियम सोपा असावा, असं त्यांचं मत. त्यांनी औषधाच्या पेटीतून चिकटपट्टीचं प्लास्टर आणलं, बटण आत दाबलं आणि त्याच्यावर फुलीसारखं प्लास्टर चिकटवून टाकलं. "या बटणाला आजपासून कुणीच हात लावायचा न्हाई. बाई, तुमीसुद्धा न्हाई."

त्यानं अडलंही काही नाही. गोदामात एकदा वायर जळाली होती, तेव्हापासून संध्याकाळी सगळ्या कचेरीचा मेन पाडून ठेवायचा असा दिनकररावांचाच नियम होता. कस्तुराबाई संध्याकाळी हुकूम देऊन यंत्र बंद करत. पडद्यावर ओळी सरकत, शेवटी इंग्रजीत येई की आता वीज बंद करायला हरकत नाही, पुन्हा सुरू करायचं तर कोणतीही कळ दाबा. मग त्या पडद्याचा खटका बंद करत, यंत्रावर जाड कापडाचा अभ्रा घालत आणि निघत. मागाहून मेन पडला की यंत्राचा घुमघुमाट थांबे. सकाळी मेन उचलला की बटण आत असल्यामुळे यंत्र आपोआप जागं होई. उलट सोयच झाली, असं सगळ्यांना वाटलं. वर्ष निघून गेलं. प्लास्टर मळून फरशीच्या रंगाचं झालं, कडेनं कुंकवाची लाल रेघ तेवढी दिसत राहिली.

एक्याण्णवच्या दिवाळीनंतर मात्र यंत्र बिघडलं. बिघडलं म्हणजे चालत होतं, पण सकाळी उठलं की तक्रार करायचं. काल मला नीट बंद केलं नाही, आता मी सगळी तपासणी करणार, असं म्हणून कितीतरी वेळ आपलंच आपण खरडत बसायचं. कस्तुराबाई चहा प्यायच्या नाहीत, बसून बघायच्या. आधी वाटलं, चुकून आपणच घाई केली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एका सकाळी तपासणी संपली आणि पालम भागातल्या निम्म्या गावांपुढचे आकडेच नव्हते.

दिनकररावांनी त्यांना बोलावून घेतलं. "बाई, यंत्र काय म्हणतं?"

"नीट बंद केलं नाही म्हणतं."

"मग बंद कोण करतं?"

"मीच करते, साहेब. सगळ्या ओळी येऊ देते. शेवटची ओळ वाचून मगच उठते."

"मग यंत्र खोटं बोलतं का?" दिनकररावांनी चष्मा काढला. ते ओरडत नसत, त्यामुळे जास्तच भीती वाटे. "हे बघा. पेरणीच्या आत ही माहिती पुण्याला द्यायची हाय. तुमचं घराकडं ध्यान असतं, मला समजतं. लेकराचं दुखणं हाय. पण मग यंत्रावर दुसरं कुणीतरी बसवावं लागेल. नांदेडचा एक पोरगा शिकून आलेला हाय. तुमी पालमच्या गोदामावर जा. तिथं काम कमी हाय, तुमाला आरामच होईल."

पालमला रोज एस.टी.नं जायचं म्हणजे अंधारात निघायचं आणि अंधारात यायचं. फुलाला शाळेत काही झालं तर निरोप पोचायलाच अर्धा दिवस. पालमलाच राहायचं तर डॉक्टर परभणीत. त्यांच्या डोळ्यापुढे घागर आली, फरशी आली.

"मला थोडे दिवस द्या," त्या म्हणाल्या. "मी शोधून काढते."

"इंजिनिअरला बोलावलंय. तो येईपर्यंत शोधा. त्यानं चूक तुमची म्हणलं की मग माझा इलाज न्हाई."

त्या दिवसापासून कस्तुराबाईंनी यंत्रामागे हात धुऊन लागायचं ठरवलं. पहिल्यांदा साक्षीदार केला. संध्याकाळी यंत्र बंद करताना व्यंकटरावांना काचेच्या खोलीत बोलावलं. ते चपला काढून आत आले, पडद्यावरची शेवटची ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "आता काय करू? पडद्यावर सही करू का?"

"तुम्ही बघितलं ना? उद्या साहेबांना सांगा."

"सांगतो. बाईनं यंत्राचा दहावा नीट घातला म्हणून सांगतो."

सकाळी यंत्रानं पुन्हा तक्रार केली. व्यंकटरावांनी साक्ष दिली, पण ती ऐकून दिनकरराव एवढंच म्हणाले, "तुमाला काय कळतं त्यातलं?" आणि ते खरंच होतं.

मग त्यांना अभ्र्याचा संशय आला. अभ्रा त्यांनीच शिवला होता, गोधडीसारखा जाड. 'कोणतीही कळ दाबा' असं यंत्र म्हणतं. मेन पडायच्या आधी अभ्र्याचं वजन कळांवर पडत असेल, यंत्र पुन्हा उठत असेल आणि तेवढ्यात मेन पडत असेल. सगळं जुळत होतं. त्यांना इतका आनंद झाला की त्या रात्री फुलाला दोनदा उठून बघायचं विसरल्या, एकदाच बघितलं. दुसऱ्या दिवशी कळफलक अभ्र्याच्या बाहेर ठेवला. सकाळी तक्रार होतीच.

मग उंदीर. बियाण्याचं गोदाम म्हटल्यावर उंदीर असणारच. मेन पडायच्या आधीच कळांवरून नाचत असतील. कस्तुराबाईंनी कळफलकाची वायर काढली, तो फडक्यात गुंडाळला आणि कपाटात कुलूपबंद केला. व्यंकटराव दारातून बघत होते. "बाई, घरचे दागिने ठेवता का त्यात?" सकाळी कळफलक कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं आणि यंत्र म्हणत होतं, मला नीट बंद केलं नाही.

म्हणजे कळांचा काही संबंध नव्हता. हे कळल्यावर कस्तुराबाईंना बरं वाटायला हवं होतं, एक शंका तरी मिटली. पण त्यांना उलट धसका बसला. आता उरलं होतं ते यंत्राच्या पोटात होतं, आणि तिथं त्यांना काही दिसत नव्हतं. घरी भाकरी थापता थापता हात थांबायचा. फुला म्हणायची, "आई, करपायली." फुलाचं बोलणं जरा अडखळलं, ती एखादा क्षण टक लावून बघत बसली, की कस्तुराबाई हातातलं टाकून म्हणायच्या, "फुला! इकडं बघ. माझं नाव काय?" पोरगी वैतागायची. "आई. तुझं नाव आई. मी विचार करायले होते फक्त."

इंजिनिअर सोमवारी येणार होता. सोमवारी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद निघाला, औरंगाबादहून एस.टी. सुटलीच नाही. सडकेवर टायर जळत होते, शाळा लवकर सुटली. कस्तुराबाई फुलाला खोलीत घेऊन बसल्या. इंजिनिअर बुधवारी येणार असं ठरलं. म्हणजे फाशी दोन दिवस पुढं गेली, एवढंच.

मंगळवारी त्या नेहमीसारख्या निघाल्या. फुलाच्या गोळ्या संपत आल्या होत्या, म्हणून औषधाच्या दुकानाकडे वळल्या. बंदनंतर दुकानं उघडलेली, सगळ्यांचीच गर्दी. गोळ्या मिळेपर्यंत दिवस कलला. पिशवीत पुडी ठेवताना त्यांच्या मनात आलं, आज शेवटची ओळ वाचली का आपण? डोक्यात उद्याचं होतं. वाचली असणार. पण डोळ्यापुढे येईना.

"फुला, कचेरीत जाऊन येऊ."

"आता? आई, तू बघितलं होतंस. मी होते ना तिथं."

"तरी."

इतके दिवस त्या अशा परतल्या तरी ऊन असतानाच परतत, दार ओढून बघत आणि जात. त्या दिवशी कचेरीच्या फाटकाशी पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली होती. पाखरं लिंबावर बसली होती. आणि कचेरीच्या आतल्या बोळात पिवळा बल्ब पेटलेला होता.

कस्तुराबाई फाटकातच थांबल्या. मेन तर पाडलेला असतो. मग बल्ब कसा?

दार नुसतं लोटलेलं होतं. त्या आत शिरल्या. बोळात उदबत्तीचा वास भरला होता. मेनच्या लाकडी फळीखाली पहारेकरी उमाजीची बायको म्हाळसाबाई उभी होती. उमाजी दिवाळीनंतर नवीनच कामावर लागला होता. पालमकडचं मेंढरं राखणारं घर. गुडघा धरला म्हणून मेंढरं भावाच्या हवाली करून तो शहरात आला होता. गोदामामागच्या खोलीत दोघं राहत. आधीचा पहारेकरी गावातला होता, तो रात्री जेवून मग यायचा. म्हाळसाबाईच्या एका हातात उदबत्ती होती. दुसरा हात मेनच्या दांडीकडे जात होता.

आणि काचेच्या दाराआडून, अभ्र्याखालून, घुमघुम आवाज येत होता. यंत्र जागं होतं.

"थांबा!" कस्तुराबाई ओरडल्या. "हात लावू नका! पाडू नका!"

म्हाळसाबाईच्या हातातली उदबत्ती खाली पडली. "आगं माय! काय झालं वं बाई? इच्चू हाय का?"

"पाडू नका. तशाच उभ्या राहा."

"उभीच हाय की मी. काय केलं म्या?"

कस्तुराबाई चपला न काढता आत धावल्या. अभ्रा ओढून काढला, पडद्याचा खटका दाबला. यंत्र सकाळसारखं सगळं उरकून, नाव सांगा, असं विचारत शांत बसलं होतं. कुणीही न बोलावता उठलेलं. आता बाहेर ही बाई दांडी खाली ओढणार, आणि यंत्राचा श्वास मधेच तुटणार. रोज. गेले कितीतरी दिवस रोज. कस्तुराबाईंनी कपाट उघडून कळफलक जोडला. घाईत वायरीचं टोक भोकात बसेना. तसं चालू यंत्राला काही जोडू नये हेही त्यांना माहीत होतं, पण दुसरा मार्ग नव्हता. हुकूम दिला. ओळी सरकल्या. शेवटची ओळ आली. त्यांनी ती एकदा वाचली, पुन्हा वाचली, पाचवीतल्या फुलाला वाचायला लावली.

"आता पाडा."

दांडी पडली. बोळ अंधारला, आवाज थांबला. अंधारात म्हाळसाबाई म्हणाली, "बाई, तुमी सायबाला सांगू नका बरं. त्येंला आत्ताच काम लागलंय."

"तुम्ही रोज लावता हा दिवा?"

"रोज. तिन्हीसांजंला. बी-बियाण्याचं घर हाय बाई, आन् दिवेलागणीला अंधारात ठिवायचं व्हय? लक्षुमी माघारी जाईल की. पेटवते, गोदामात उदबत्ती फिरवते, पोत्यांला हात जोडते आन् पाडून टाकते. सायबानं वायर जळायचं सांगितलंय म्हणून लगेच पाडते. त्या काचंच्या खोलीत म्या पाय बी टाकत न्हाई."

"आतून आवाज येतो, तो कधी ऐकला नाही का?"

"आयकला की. म्हणलं, असंल त्येची तऱ्हा."

घरी जाताना कस्तुराबाईंच्या मनाची विचित्र अवस्था होती. कोडं सुटलं होतं. पण सांगायचं कसं? संध्याकाळी मेन उचलला जातो, असं म्हटलं की दिनकरराव विचारणार, कोण उचलतं? आणि उमाजीचा गुडघा तर मेंढरांमागे जाण्यातला राहिला नव्हता. न सांगावं तर पालम. त्यांनी फुलाचा हात इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "आई, दुखतंय."

चालता चालता त्या मनात तेच तेच उलटंपालटं करत राहिल्या. मेन उचलला म्हणून यंत्र उठलं. पण बोळातला पंखा उठला नाही. पंख्याचं बटण बंद होतं. मग यंत्रच का उठलं? सरजाबाईंच्या ओट्यापर्यंत आल्यावर त्यांचे पाय थांबले. त्या रोज यंत्राला झोपवत होत्या, पण त्याचं बटण मात्र आतच राहत होतं. हुकूम देऊन आतलं काम थांबत होतं, वीज तोडली जात नव्हती. ती तोडायचं काम बटणाचं. आणि बटणावर प्लास्टर होतं.

प्लास्टर लावलं होतं ते दिनकररावांनी.

बुधवारी इंजिनिअर आला. तरुण होता, रात्रभर एस.टी.त बसून डोळे लाल झालेले. दिनकरराव, व्यंकटराव, काचेच्या दाराशी उमाजी, सगळे जमले. इंजिनिअरनं यंत्राच्या नोंदी काढून बघितल्या आणि भुवया चढवल्या. "रोज संध्याकाळी हे पुन्हा चालू होतंय. आणि थोड्या वेळात वीज जातेय."

"म्हणजे बाई बंद करून गेल्यावर?" दिनकररावांनी विचारलं.

"गेल्यावर. मेन कुणी उचलतं का?"

उमाजीनं पागोट्याचा शेव हातात धरला. कस्तुराबाईंना वाटलं, आपण बोलायला हवं. तेवढ्यात बोळातून आवाज आला.

"म्या उचलते, सायेब." म्हाळसाबाई पदर डोक्यावर ओढून उभी होती. "दिवा लावाया. ह्येंला ठावं बी न्हाई. बोलायचं ते मला बोला."

दिनकररावांचा चेहरा लाल झाला. "कुणाला विचारून? उमाजी, हे असं चालायलंय तुझ्या पहाऱ्यात? एवढी माहिती गेली, तिची जिम्मेदारी कोण घेणार? आजच्या आज..."

"साहेब," कस्तुराबाई म्हणाल्या. "दिवा लावला म्हणून यंत्र बिघडलं नाही."

"मग कशानं?"

"बटण आत राहतं म्हणून. मेन कुणीही उचलो, वीज मध्येच जाऊन परत येवो, बटण आत असलं की यंत्र उठणारच. मी बंद करते ते आतलं काम. त्यानंतर बटण दाबून बाहेर काढायला पाहिजे. ते आपण वर्षभर केलंच नाही."

"तुमी का केलं न्हाई?"

कस्तुराबाईंनी नुसतं त्या मळक्या प्लास्टरकडे बघितलं. व्यंकटरावांनी पण बघितलं आणि खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. इंजिनिअर वाकला. "हे कुणी लावलंय?"

बाहेर शाळेत पाढ्यांचा गलका चालला होता, तेवढाच ऐकू येत होता. शेवटी दिनकरराव म्हणाले, "मी." आणि थोड्या वेळानं, "हे व्यंकटराव कुंकू लावायले होते म्हणून."

"घ्या," व्यंकटराव पुटपुटले. "आलं परत माझ्यावर."

इंजिनिअर हसला, पण हळूच. त्यानं नखानं प्लास्टर सोलून काढलं. खाली बटण नवंकोरं होतं, त्यावर कुंकवाचा डाग. "बाई म्हणतात ते बरोबर आहे. पण माझी खात्री एका दिवसानं होत नसते. आज संध्याकाळी त्यांना हवं तसं बंद करू द्या. मेन उचला, पाडा, काय करायचं ते करा. मी मुक्कामाला आहे. सकाळी यंत्र काय म्हणतं ते बघू."

दिनकरराव म्हणाले, "ठीक. सकाळी ठरवू. उमाजीचं बी आन् पालमचं बी."

त्या संध्याकाळी कुणी कुणाला थांबा म्हणालं नाही, पण व्यंकटरावसुद्धा घरी गेले नाहीत. कस्तुराबाईंनी हुकूम दिला. ओळी सरकल्या. शेवटची ओळ आली. त्यांनी बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. चुकून यंत्र अजून आत काही लिहीत असलं तर? आपण चुकीचं वाचलं असलं तर? ओळ पुन्हा वाचली. मग डोळे मिटून बटण दाबलं. टक्. बटण बाहेर आलं, घुमघुम थांबली. उमाजीनं मेन पाडला. सगळे अंधार पडायची वाट बघत बोळात उभे राहिले. फुला बाकावर बसून पाय हलवत होती.

दिवेलागण झाली. म्हाळसाबाई आली पण मेनला हात लावेना. "नगं बाई. माझ्या हातानं नगं आज."

"तुमच्याच हातानं," कस्तुराबाई म्हणाल्या. "लावा."

त्यांनी आत जाऊन यंत्रावर तळहात ठेवला. बाहेर दांडी चढली. बल्ब पेटला, बोळाचा पिवळा उजेड काचेतून आत आला. तळहाताखालचा पत्रा थंड होता. त्या वाट बघत राहिल्या. म्हाळसाबाईची उदबत्ती गोदामात जाऊन आली, हात जोडून झाले, दांडी पडली. पत्रा थंडच होता.

"उठलं का?" व्यंकटरावांनी अंधारात विचारलं.

"नाही."

"मग आता तरी सोडा त्याला. निजलंय ते."

सकाळी सगळ्यांसमोर कस्तुराबाईंनी बटण दाबलं. यंत्र उठलं, ओळी आल्या, आणि कसलीही तक्रार न करता त्यानं नाव विचारलं. इंजिनिअरनं मान हलवली. दिनकररावांनी चष्मा पुसला. "उमाजी, दिवा लावायचा तर लावत जा. पण मेन पाडायला इसरायचं न्हाई." मग कस्तुराबाईंकडे न बघता म्हणाले, "पालमला मी दुसरं कुणीतरी बघतो. गेलेले आकडे तेवढे पुन्हा भरून घ्या. पेरणीच्या आत."

"भरते," कस्तुराबाई म्हणाल्या.

सगळे पांगल्यावर त्या खुर्चीवर बसल्या. हायसं वाटायला पाहिजे होतं, आणि वाटलंही. पण लगेच त्यांच्या मनात आलं, पेरणीच्या आत. त्या उठल्या, काल रात्रीची गोळी फुलाला दिली की नाही हे पिशवीतल्या पुडीतल्या गोळ्या मोजून बघितलं आणि मग पालमचं पहिलं गाव भरायला घेतलं.